थोरल्या भावाशी बोलताना

माझा एक मित्र आहे. पस्तीस वर्षांची मैत्री. तो ख्रिस्ती, मी मुसलमान, आणि दोघांची भाषा मराठी. ईदला तो माझ्याकडे शीरखुर्मा प्यायला येतो, नाताळला मी त्याच्याकडे करंज्या खायला जातो. गेल्या नाताळात गेलो, तर घर गप्प होते. आदल्या रविवारी तो चर्चला गेला नव्हता. त्याच्या आदल्या रविवारीही नाही.

कारण त्याची मुलगी. तिचा घटस्फोट झाला आहे. लहानपणापासून ती चर्चच्या क्वायरमध्ये गाते. मंडळीतल्या दोन-तीन वडीलधाऱ्या माणसांनी घरी येऊन, चहा घेऊन, अगदी गोड शब्दांत सांगितले की, "सध्या तिनं पुढं उभं राहू नये, बरं दिसत नाही." जाताना पवित्र शास्त्रातले एक वचनही वाचून दाखवले. कोणी आवाज चढवला नाही. पण त्या दिवसापासून पोरीने गाणे सोडले आणि बापाने चर्च.

मित्र मला म्हणाला, "तू बाहेरचा, म्हणून तुला विचारतो. या लोकांचं करायचं काय?"

मी काही धर्मपंडित नव्हे. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा साधा माणूस. पण आमच्याकडे येशूला हजरत ईसा म्हणतात आणि पैगंबर मानतात, त्यामुळे त्यांच्याविषयीचे कुतूहल जुने. मराठी बायबल मी पूर्वी वाचले होते. मित्राच्या प्रश्नामुळे शुभवर्तमाने पुन्हा काढून बसलो, आणि लक्षात आले की हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीचाच आहे.

नियमावर बोट ठेवून माणसाला दूर करणारी माणसे सगळ्याच धर्मांत असतात. आमच्या मशिदीत नमाज सोडून दुसऱ्याच्या टोपीकडे पाहणारे आहेत. सोवळ्या-ओवळ्याच्या गोष्टी तर मराठी वाचकाला मी काय सांगाव्यात? पण ख्रिस्ती धर्माची गोष्ट एका बाबतीत वेगळी आहे. तिथे या वृत्तीशी घातलेला वाद खुद्द धर्मग्रंथातच पानोपानी आहे.

लूकच्या शुभवर्तमानात अठरा वर्षे कंबरेत वाकलेली एक स्त्री येते. येशू तिला शब्बाथाच्या दिवशी, म्हणजे कामबंदीच्या दिवशी, बरे करतो. सभास्थानाचा अधिकारी रागावतो. बरे व्हायला सहा दिवस आहेत, त्या दिवशी या, असे लोकांना बजावतो. येशू त्याला विचारतो की, शब्बाथाच्या दिवशी तुम्ही आपला बैल किंवा गाढव गोठ्यातून सोडून पाण्यावर नेता ना? मग अठरा वर्षे बांधलेल्या या बाईला सोडवायचे नाही का? शेतकऱ्याला चटकन कळेल असा हा युक्तिवाद आहे. यात शब्बाथ मोडीत काढलेला नाही. जनावराला जी सवलत, ती माणसाला का नाही, एवढेच विचारले आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात तर शब्द फारच कडक आहेत. पुदिना, शेप, जिरे अशा बारीकसारीक गोष्टींचाही दहावा हिस्सा देवाला मोजून देणारे लोक न्याय आणि दया विसरतात, असे येशू म्हणतो. मात्र दहावा हिस्सा देऊ नका, असे तो म्हणत नाही. ते करायचे होतेच, पण त्यासाठी हे टाकायचे नव्हते, असा त्याचा रोख आहे. नियम पाळणे हा दोष नव्हे. नियम पाळता पाळता माणूस दिसेनासा होणे, हा दोष.

इथे एक खुलासा केला पाहिजे. बायबलातल्या या वादात समोर बहुतेक वेळा 'परुशी' नावाचा पंथ असतो, आणि परुशी म्हणजे ढोंगी असे समीकरण पुढे रूढ झाले. ते न्यायाचे नाही. परुशी हे यहुदी समाजातले शास्त्र जाणणारे, लोकांत मान असलेले लोक होते. पुढच्या रब्बींच्या परंपरेची मुळे त्यांच्यात सांगतात. त्यांच्यातला निकदेम रात्रीच्या वेळी येशूला भेटायला आला होता. शिमोन नावाच्या परुश्याच्या घरी येशू जेवायला गेला होता. ज्या पौलाच्या पत्रांनी नव्या करारातला मोठा भाग व्यापला, तो पौलही परुशीच. तेव्हा हा दोष एका जमातीचा नाही. मनापासून धर्म पाळणाऱ्या कोणालाही जडू शकणारा हा आजार आहे.

मग या लोकांशी वागायचे कसे? पौलाचे एक उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. अंत्युखिया शहरात यहुदी आणि बिगरयहुदी ख्रिस्ती एका पंगतीला जेवत. पेत्रही जेवत असे. यरुशलेमहून काही कडक मंडळी आली, तेव्हा पेत्र बिचकला आणि पंगतीतून बाजूला झाला. पेत्र म्हणजे येशूचा प्रमुख शिष्य. पौलाने त्याला सर्वांसमोर, तोंडावर विचारले. मागे कुजबुज केली नाही. पंगतीतून कोणाला उठवायचे आणि कोणाला नाही, हा प्रश्न महाराष्ट्राला काही परका नाही.

पण त्याच पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात दुसरी बाजूही सांगितली आहे. कोणी सगळे खातो, कोणी फक्त भाजीपाला खातो. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. म्हणजे कर्मठपणा फक्त 'हे करू नका' म्हणणाऱ्यांचा नसतो. 'हे केलेच पाहिजे' म्हणणाराही तितकाच कर्मठ असू शकतो.

याचे उदाहरण आपल्याच घरातले आहे, पंडिता रमाबाईंचे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या अँग्लिकन मठातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना लाडाने 'आजीबाई' म्हणत. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकू-शिकवू लागल्या आणि पत्रापत्री सुरू झाली. त्या पत्रांत प्रेम आहे, आणि खडाजंगीही.

रमाबाईंनी ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहार सोडला नाही. हा जातीचा अहंकार शिल्लक आहे, असे सिस्टरना वाटले. माझ्यात जुने संस्कार उरले असतील, हे रमाबाईंनी मान्य केले; पण उलट विचारले की, एखादी इंग्रज बाई हिंदू लोकांत राहायला गेली आणि कोणाला त्रास न देता आपल्या रीतीने राहिली, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेले तुम्हाला चालेल का? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, असेही त्यांचे म्हणणे होते. ब्राह्मणांना संस्कृतचे जे वाटते तेच तुम्हाला लॅटिनचे वाटते का, हा त्यांचा सवाल आजही बोचतो. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांचा आक्षेप आला. तेव्हा त्या म्हणाल्या की, माझ्या वडिलांनी आणि नवऱ्याने जी हरकत घेतली नाही ती इंग्रज माणसे घेतात, याचे नवल वाटते. त्र्यैक्याच्या सिद्धांतावरही त्यांनी बरेच प्रश्न विचारले होते, पण त्यावर मी मुसलमानाने न बोललेले बरे!

या सगळ्याचा गाभा त्यांनी एका पत्रात सांगितला आहे. आपल्या देशातल्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, आता तसलेच दुसरे जू घ्यायची माझी तयारी नाही, असा त्याचा आशय. तरी त्यांनी धर्म सोडला नाही, आणि आजीबाईंनाही सोडले नाही. मनोरमा काही काळ याच सिस्टरांच्या देखरेखीखाली वाढली. आणि ज्या जेराल्डिनबाईंना रमाबाई हट्टी, गर्विष्ठ वाटत होत्या, त्यांनीच ही पत्रे जपून, लावून ठेवली. स्वतःला खोडून काढणारी पत्रे! १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली, म्हणून आपल्याला वाचता येतात.

हे सगळे मित्राला सांगायचे म्हणून मी टिपणे काढत होतो. मधेच लूकमधला एक दृष्टांत आडवा आला. मंदिरात दोघे प्रार्थना करतात. परुशी म्हणतो, देवा, मी इतर माणसांसारखा, या जकातदारासारखा नाही, म्हणून तुझे आभार. जकातदार छाती बडवून फक्त दया मागतो. वाचताना मी मनात म्हणालो, बरे झाले, मी त्या परुश्यासारखा नाही. आणि दचकलो. नेमके तेच वाक्य, फक्त माणूस बदललेला.

माझी आपा रोज्या-नमाजाची फार कडक. माझ्या कवितांवर, मैफलींवर तिने आयुष्यभर नाक मुरडले. मीही चारचौघांत तिच्या कडकपणाची नक्कल करून हशे घेतले. पण अम्मी अंथरुणाला खिळली तेव्हा सहा वर्षे तिचे हगणे-मुतणे आपाने काढले. पहाटेच्या नमाजाला उठणारी ती, तशीच अम्मीची चादर बदलायला उठायची. मी तेव्हा कविसंमेलनांत उदारमतवादावर टाळ्या घेत होतो. आपा माझ्याशी कडक वागली हे खरेच आहे. पण तिच्याकडे वरून पाहण्याचा हक्क मला कोणी दिला होता?

उधळ्या पुत्राचा दृष्टांत सर्वांना ठाऊक आहे. धाकटा पैसा उडवून परत येतो, बाप मेजवानी घालतो. पण हा दृष्टांत सांगितला गेला तो धाकट्यांना नव्हे. येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुरणाऱ्यांना. शेतातून आलेला थोरला भाऊ रागावून घराबाहेर उभा राहतो. 'माझा भाऊ' म्हणत नाही, 'तुमचा हा मुलगा' म्हणतो. बाप त्यालाही बाहेर येऊन विनवतो, आणि बोलताना 'हा तुझा भाऊ' असा शब्द परत त्याच्या ओटीत घालतो. थोरला आत गेला की नाही, हे दृष्टांतात सांगितलेलेच नाही.

मी मित्राला एवढेच म्हणालो, "जे वाटतं ते त्यांच्या घरी जाऊन, तोंडावर बोल. पोरीची बाजू सोडू नकोस. आणि चर्चमधली तुझी जागाही सोडू नकोस, ती त्यांच्या मालकीची नाही."

तो म्हणाला, "त्यातला एकजण, माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा चार रात्री बाकावर बसून होता रे."

"मग त्याच्याकडेच आधी जा," मी म्हणालो.

तो गेला. दोन तास बोलणे झाले. तो म्हातारा माणूस आपल्या म्हणण्यावरून हलला नाही, पण निघताना त्याने मुलीची चौकशी केली, नाव घेऊन. मुलगी अजून क्वायरमध्ये उभी नाही. पण ईस्टरपासून बापलेक चर्चला जाऊ लागले आहेत. ती चौथ्या बाकावर बसते आणि तिथूनच गाते. मित्र सांगतो, पुढच्या बाकावरचा तो म्हातारा मागे वळून पाहत नाही. पण तिचा आवाज लागला की स्वतःचा जरा खाली घेतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)