शाईच्या टाकीचा फोटो-प्रिंटर : कुणी घ्यावा, कुणी थांबावे



रावेत, पुनावळे, किवळे या पवनाकाठच्या गावांत जिथे फड होते, तिथे आता उंच इमारती उभ्या आहेत. वाडे उतरवले गेले. सोप्यात ओळीने टांगलेल्या आजा-पणजांच्या तसबिरी फ्लॅटच्या भिंतीवर काही चढल्या नाहीत. त्या ट्रंकेत गेल्या, नाहीतर माळ्यावर. तिथे ओल लागली, कसर लागली की खेळ संपला, कारण त्या काळी फोटोची बहुधा एकच प्रत काढलेली असे. दुसरीकडे नातवंडांचे हजारो फोटो मोबाइलमध्ये आहेत. मोबाइल पाटाच्या पाण्यात पडला की तेही गेले.

म्हणूनच "घरी फोटो छापायचं मशीन घ्यावं का?" अशी विचारणा हल्ली आमच्याकडे वरचेवर होते. उसाचे बिल खात्यावर जमा झाले की जरा जास्तच होते! दुकानदार टाकीचा प्रिंटर पुढे करतो आणि म्हणतो, "शाई स्वस्त, डोळे झाकून न्या." आम्ही म्हणतो, डोळे उघडे ठेवून न्या.

आधी ही टाकीची भानगड समजून घेऊ. पूर्वीच्या प्रिंटरला शाईची छोटी डबी, म्हणजे कार्ट्रिज लागे. मशीन स्वस्त आणि डबी महाग असा तो व्यवहार होता. इंडोनेशियात लोकांनी यावर तोड काढली. प्रिंटरच्या बाहेर शाईच्या बाटल्या ठेवायच्या आणि नळ्या आत सोडायच्या. ते पाहून एप्सन कंपनीने २०१० साली तिथेच टाकीचा प्रिंटर प्रथम बाजारात आणला. मागाहून कॅनन, एचपी, ब्रदर याही कंपन्या त्या वाटेने आल्या. आता व्यवहार उलटा झाला आहे. मशीन महाग, शाई स्वस्त. म्हणजे भांडवल आधी घालायचे आणि ते पुढे कामातून फेडून घ्यायचे. हे आपल्याला नवे नाही. ठिबकचेही असेच असते.

आता रंगांचे पाहू. आपल्या मावळातच मळवलीला एके काळी राजा रविवर्म्याचा छापखाना होता. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे मळवलीला हलला आणि तिथली लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे घरोघरच्या देव्हाऱ्यात पोचली. ती छपाई दगडावरची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे. दगड जितके जास्त, तितकी चेहऱ्यावरची छटा मऊ. प्रिंटरचेही तेच आहे. साध्या टाकीच्या प्रिंटरला चार शाया असतात : निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. घरची कागदपत्रे आणि पोरांचे शाळेचे तक्ते यांना एवढे पुष्कळ झाले. पण चार रंगांत गालाचा उजेड किंवा फिके आभाळ छापायचे म्हणजे गडद शाईचे ठिपके विरळ टाकावे लागतात, आणि जवळून पाहिले तर रवाळपणा दिसतो. फोटोसाठीच्या मशीनला म्हणून सहा शाया देतात. एप्सनच्या एल-८०५० मध्ये फिकी निळी आणि फिकी किरमिजी या दोन जादा आहेत, तर कॅननच्या जी-५७० मध्ये लाल आणि करडी.

ही करडी शाई आमच्या मते महत्त्वाची. आपल्या जुन्या तसबिरी सगळ्या काळ्या-पांढऱ्या. नुसत्या चार रंगांत त्या छापल्या की कधी हिरवट झाक येते, कधी तांबूस, आणि आजोबांचा पांढरा फेटा भलत्याच रंगाचा होतो. करडी शाई असली की ही झाक बरीच आवरते. दुसरे असे, की चार रंगांच्या कित्येक मशीनमधली काळी शाई पिगमेंट जातीची असते. अक्षरे ठसठशीत येतात, पण चकचकीत कागदावर ती नीट बसत नाही. मग मशीन बाकीचे तीन रंग मिसळून काळा करते आणि केस राखी दिसतात.

आता मुख्य गोष्ट. प्रिंटरच्या हेडला केसाहून बारीक भोके असतात. पंधरा-वीस दिवस मशीन बंद राहिले की त्यांत शाई सुकू लागते आणि फोटोवर आडव्या रेघा येतात. ठिबकचे ड्रिपर क्षाराने चोंदतात ना, तसेच! तिथे आपण ॲसिड सोडतो, इथे मशीनमधूनच 'हेड क्लीनिंग' करतात. पण त्यात चांगली शाई वाया जाते. ती वाया गेलेली शाई आतल्या पॅडमध्ये साठते, आणि पॅड भरले की मशीन अडून बसते. काही मॉडेलचे पॅड घरी बदलता येते, काहींचे सर्व्हिस सेंटरलाच न्यावे लागते. घेतानाच हे विचारावे. आठवड्यातून एक तरी रंगीत पान काढावे. आणि मशीन बोर्डावरच्या बटनाने कधीही बंद करू नये. मशीनचे स्वतःचे बटन दाबले म्हणजे हेड जागेवर जाऊन त्यावर टोपी बसते; बोर्डावरून वीज तोडली तर ते उघडेच राहते. वीज अचानक गेली असेल तर आल्यावर मशीन एकदा चालू करून रीतसर बंद करावे. टाकीतली शाई खालच्या खुणेच्या आत जाऊ देऊ नये, नळीत हवा शिरते. मोटारीने हवा धरली की काय होते, ते आम्ही सांगायला नको.

आता हिशेब. समजा, सहा रंगांचे मशीन २४,००० रुपयांना पडले. एका ४ × ६ इंची फोटोला घरी कागद आणि शाई मिळून ७ रुपये लागतात, आणि स्टुडिओवाला १५ घेतो. एका फोटोमागे ८ रुपये सुटले. म्हणजे ३,००० फोटो निघाले तेव्हा कुठे मशीन फिटले. पाच वर्षे धरली तर महिन्याला ५०. आपल्या भागातले दर घालून ही आकडेमोड प्रत्येकाने स्वतः करावी. ज्या घरात वर्षाकाठी बारसे, जावळ, एखादे लग्न आणि गणपती एवढेच फोटो निघतात, त्यांनी सरळ पेन ड्राइव्ह घेऊन चिंचवडचा स्टुडिओ गाठावा. पैसे वाचतील, डोकेदुखीही वाचेल. ज्या घरात कॉलेजची दोन पोरे आहेत, बचत गटाचे कागद निघतात, सातबारा आणि आधारच्या प्रती रोज लागतात, त्यांना चार रंगांचे आणि स्कॅनर असलेले मशीन पुरते. ते सहा रंगांच्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळते. सहा रंगांचे मशीन ज्याला फोटोचा खरा नाद आहे त्यानेच घ्यावे. पाच-सहा घरांनी मिळून एक घेण्याचीही कल्पना कुणी मांडतो. कल्पना चांगली आहे. पण भावकीत जिथे विहिरीची पाळी सुखाने निभत नाही, तिथे शाईची बाटली कुणी आणायची हे आधी कागदावर लिहून ठेवावे.

शाईत काटकसर नको. सुट्ट्या बिनकंपनीच्या शाईने भोके चोंदतात, रंग लवकर उडतो, आणि वॉरंटीचा वाद निघतो तो वेगळाच. वॉरंटी बहुधा एक वर्ष किंवा ठरावीक पाने, यांपैकी जे आधी होईल ते, अशी असते. कार्डावर दोन्ही आकडे वाचून घ्यावेत. कागद फोटोचाच हवा, आणि छापताना मशीनला त्या कागदाचे नाव सांगावे; साधा कागद समजून छापले तर चांगला कागदही फिका पडतो.

दुकानात जाताना आपलाच एक फोटो घेऊन जावे. दुकानदाराचा नमुना नेहमी पोपट आणि फुलांचा असतो, त्यात सगळीच मशीन छान दिसतात. घरच्या माणसाचा सावळा चेहरा छापायला लावा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो नेऊ नका, तो आकसलेला असतो. मुलाला सांगून 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. ४ × ६ ला १,२०० × १,८०० ठिपके असले म्हणजे उत्तम, ए-४ ला त्याच्या दुप्पट लांबी-रुंदी लागते.

आणि मशीन घ्या किंवा न घ्या, ट्रंकेतल्या तसबिरी या उन्हाळ्यातच बाहेर काढा. जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका; काचेसकट स्कॅन करून घ्या, ६०० डीपीआयवर. त्याची एक प्रत मुलीच्या सासरीही द्या. छापलेला फोटो काचेखाली आणि थेट ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव आणि साल लिहा. कोण कोणाच्या शेजारी उभे आहे हे सांगणारी म्हातारी माणसे घरात आहेत, तोवरच हे काम होईल.