अज्ञानाची मिळकत आणि पालकाच्या अधिकाराची मर्यादा

सातबाराच्या उताऱ्यात काही नावांपुढे ‘अ. पा. क.’ ही अक्षरे आढळतात. ‘अज्ञान पालनकर्ता’ हा त्यांचा अर्थ. मिळकत अज्ञानाची असून दुसरी व्यक्ती तिची केवळ व्यवस्था पाहत आहे, एवढेच ही नोंद सांगते. तथापि व्यवस्था पाहणाऱ्यास विक्रीचाही अधिकार असतो, असा समज करून घेऊन व्यवहार होतात आणि त्यांची किंमत कधी अज्ञानास, तर कधी खरेदीदारास मोजावी लागते.

या विषयावरील जुना विचार हनुमानप्रसाद पांडे विरुद्ध बबुई या १८५६ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निर्णयात आहे. अज्ञान वारसाच्या मातेने मिळकत गहाण ठेवली होती. पालकाचा अधिकार मर्यादित असून गरजेपुरता किंवा मिळकतीच्या हितापुरताच तो वापरता येतो, असे तत्त्व तेथे सांगितले गेले. त्यासोबत सावकारासही आसरा मिळाला : गरजेची वाजवी चौकशी त्याने सद्‌भावाने केली असेल, तर दिलेला पैसा पुढे कसा खर्च झाला हे पाहण्याचे दायित्व त्याच्यावर नव्हते. म्हणजे गरज होती की नव्हती, याचा निवाडा व्यवहारानंतर, बहुधा कित्येक वर्षांनी, साक्षीपुराव्यावर होई.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या कलम ८ ने हा निवाडा व्यवहाराच्या आधी आणून ठेवला. अज्ञानाची स्थावर मिळकत विकणे, गहाण टाकणे, बक्षीस देणे, अदलाबदल करणे, तसेच पाच वर्षांहून अधिक मुदतीने किंवा सज्ञानतेनंतर एक वर्षापलीकडे जाईल अशा मुदतीने भाडेपट्ट्याने देणे, या गोष्टींस न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. आणि गरज असल्याखेरीज अथवा अज्ञानाचा उघड लाभ असल्याखेरीज ती दिली जात नाही. परवानगीवाचून केलेला व्यवहार मुळातच निरर्थक ठरत नाही, पण अज्ञानाच्या इच्छेने रद्द होण्याजोगा ठरतो. येथेच खरा फरक आहे. मुलाच्या औषधोपचारासाठी जमीन विकली, पैसाही त्याच कामी लागला. तरी परवानगी नसेल तर खरेदीदाराचे खरेदीखत टांगणीलाच राहते. हा नियम कठोर वाटतो. परंतु परवानगीचा अर्ज करणे पालकाच्या हाती असते, तर व्यवहार होताना अज्ञानाच्या हाती काहीच नसते.

एकत्र कुटुंबातील अविभक्त हिस्सा मात्र या कलमाच्या बाहेर आहे. तेथे कर्त्याचा अधिकार चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये श्रीनारायण बल प्रकरणात स्पष्ट केले. सबब मिळकत स्वतंत्र की कुटुंबाची, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो.

न्यायालयाने नेमलेल्या पालकाची कर्तव्ये १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमात आहेत. सामान्य शहाणपणाचा मनुष्य स्वतःच्या मिळकतीची जितकी काळजी घेईल, तितकी त्याने घ्यावयाची (कलम २७); विश्वासाच्या या नात्यातून स्वतःचा नफा साधावयाचा नाही (कलम २०). पाल्य सज्ञान होताच लगोलग त्याची मिळकत पालकाने विकत घेतली, तर तो व्यवहारही त्याच नात्याच्या कसोटीस उतरावा लागतो. हा बारकावा विशेष लक्षणीय होय. न्यायालयाने फर्माविल्यास सहा महिन्यांत मिळकतीची व देण्याघेण्याची यादी द्यावी लागते, वेळोवेळी हिशेबही दाखवावे लागतात (कलम ३४). नैसर्गिक पालकावर मात्र न्यायालयात असे हिशेब देण्याचे बंधन नाही. वस्तुतः बहुसंख्य अज्ञानांचे पालक नैसर्गिकच असतात.

रद्द करून घेण्याची मुदत १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ६० प्रमाणे सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांची आहे. विश्वंभर विरुद्ध लक्ष्मीनारायण (२००१) या प्रकरणी मातेने केलेली विक्री परवानगीवाचूनची होती; तरीही ती रद्द करण्याची मागणी मुदतीत न आल्याने दावा टिकला नाही. २०२५ मध्ये शिवप्पा विरुद्ध नीलम्मा या निर्णयाने वाट काहीशी रुंद केली : मुदतीच्या आत सज्ञान व्यक्तीने तीच मिळकत दुसऱ्यास विकणे, अशा निःसंदिग्ध वर्तनानेही पूर्वीचा व्यवहार नाकारता येतो, दावाच लावला पाहिजे असे नाही. पण मुदत तीच राहिली. चार वर्षांच्या मुलाची जमीन विकली गेली, तर त्यास एकविसाव्या वर्षापर्यंतच हालचाल करता येते. आणि अशी जमीन आपल्या नावावर होती हे त्यास कळविण्याचे काम बहुधा ज्याने ती विकली त्याच्याकडेच असते.