यंत्र आधी की माणूस?

पक्षाघाताच्या तडाख्यातून वाचलेल्या माणसाची खरी लढाई जीव वाचल्यानंतर सुरू होते. अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंतची दहा पावले त्याला आधारावाचून टाकता येतात की नाही, यावर त्याची नोकरी, त्याचा स्वाभिमान आणि घरातील आणखी एका मिळवत्या माणसाचा वेळ अवलंबून असतो. साहजिकच मेंदूला उत्तेजन देऊन रुग्णाला पुन्हा चालते करण्याच्या प्रयोगांकडे अनेक कुटुंबे आशेने पाहतात.

ही आशा निराधार नाही. कवटीला धक्का न लावता चुंबकीय स्पंदनांनी मेंदू उत्तेजित करता येतो, हे शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली दाखवून दिले. दुसऱ्या एका पद्धतीत टाळूवरून 1 ते 2 मिलिअँपिअरचा मंद विद्युत्प्रवाह सोडतात. अर्थात, यामुळे मृत पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. शाबूत पेशींचे जाळे नवे काम शिकण्यास अधिक तयार व्हावे, एवढीच अपेक्षा असते. शिकवण्याचे काम व्यायामालाच करावे लागते. शिवाय, पायाचे नियंत्रण करणारा भाग मेंदूच्या दोन गोलार्धांमधील फटीत खोलवर दडलेला असल्याने तेथवर पोचणे हाताच्या भागापेक्षा कठीण आहे. बहुतेक प्रयोग थोड्या रुग्णांवर झाले असून त्यांचे निष्कर्षही परस्परांशी जुळत नाहीत.

खर्चाचा विचार येथेच सुरू होतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या, 408 रुग्णांवरील अमेरिकन चाचणीत शरीराचा भार तोलून धरणाऱ्या यंत्रावरील चालण्याचा सराव हा, फिजिओथेरपिस्टने घरी करवून घेतलेल्या व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. मग हे काम घरच्यांवरच सोपवावे काय? भारतातील 14 रुग्णालयांतील 1250 रुग्णांच्या चाचणीचे उत्तर 2017 साली आले: कुटुंबीयांना शिकवून करवून घेतलेल्या उपचारांनी सहा महिन्यांनंतरचे मृत्यू वा परावलंबन घटले नाही.

म्हणजे, यंत्र काय किंवा घरच्यांची माया काय, प्रशिक्षित हातांची जागा कोणीच सहज घेऊ शकत नाही. तथापि यंत्राच्या उद्घाटनाला फीत कापता येते. फिजिओथेरपिस्टच्या रिकाम्या पदाला फीत नसते. संशोधन अवश्य चालावे, पण ते संशोधन म्हणूनच. हमखास उपाय म्हणून त्याची विक्री होऊ नये. मर्यादित पैशाचा पहिला रुपया कोठे खर्च करावा, हे ठरविताना त्या दहा पावलांचा विसर पडता कामा नये.