अमेरिकेत खिशातले पिस्तूल : कुठे चालते, कुठे नाही?



नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलीने विचारले, "सर, माझा दादा टेक्सासला शिकायला चाललाय. तिथे कुणीही खिशात पिस्तूल घेऊन फिरतं म्हणे. खरं का?" नुसते 'हो' म्हटले तर ते अर्धेच उत्तर. म्हणून हा विषय जरा नीट पाहू.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगताच येत नाही. अमेरिकेत मात्र १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा हक्क मानला आहे. घराबाहेरही तो हक्क लागू होतो, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. पण शाळा, सरकारी इमारती अशा संवेदनशील जागी बंदी घालता येते, हेही त्याच निकालात आहे.

मग कुठे चालते हे कसे ओळखायचे? तीन प्रश्न विचारा.

१. राज्य कोणते? टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून पात्र प्रौढांना परवानाही लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये परवाना लागतोच आणि टाइम्स स्क्वेअरसारख्या ठिकाणी तोही चालत नाही. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालेलच असे नाही.

२. जागा कोणती? केंद्र सरकारची न्यायालये आणि विमानतळावरचा तपासणीपलीकडचा भाग इथे सर्वसामान्य माणसाला बंदी आहे, मग राज्य कोणतेही असो.

३. मालक काय म्हणतो? टेक्सासमध्ये दुकानदार दारावर पाटी लावून मनाई करू शकतो. परवानाधारकांसाठीची ही पाटी इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंच अक्षरांत हवी, असे कायदाच सांगतो!

आता दादाच्या कॉलेजचे. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत १ ऑगस्ट २०१६ पासून परवानाधारकाला लपवलेले पिस्तूल नेता येते. याच तारखेला, बरोबर ५० वर्षांपूर्वी, ऑस्टिनच्या विद्यापीठात मनोऱ्यावरून भीषण गोळीबार झाला होता. आवारातल्या काही जागा विद्यापीठ वगळू शकते. खासगी विद्यापीठ तर पूर्ण नकार देऊ शकते.

मी त्या मुलीला एवढेच सांगितले, "दादाला म्हणावं, फी आणि वसतिगृहाबरोबर विद्यापीठाचा शस्त्रांचा नियमही वाच." पालकहो, तुमचे मूल तिकडे जाणार असेल, तर हा नियम त्याच्यासोबत बसून वाचा. ऐकीव गोष्टींची भीती त्याने बरीच कमी होते, आणि जिथे खरंच जपून राहायचे ती जागाही कळते.