घडीची घोडी

नागपुरात घराला गिलावा करताना गवंडी घोडीवर फळी टाकून उभा राहतो. घोडी फसकली, की माणूस पडलाच!

चार पट्ट्या कोपऱ्यांवर एकेका खिळ्याने जोडून पाहा. चौकट दाबली की कलते. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र कलत नाही. म्हणून पायांच्या प्रत्येक जोडीला तिरकी पट्टी मारावी.

दोन्ही जोड्या वर बिजागऱ्यांनी जोडा. बिजागरी खिळ्याने नको, स्क्रूने बसवा. आता घोडी मिटते, सहज नेता येते. खाली दोन्ही बाजूंना साखळी लावा. पाय, पाय आणि साखळी, हाही त्रिकोणच झाला! लाकूड सागवानी बरं. चंद्रपूरचा साग जवळच आहे.

चढण्याआधी साखळी ताणलेली आहे ना, एवढे पाहा. क्षणभराचे काम, पण जीव वाचतो.