ऑफिस खिशात आलं, पण त्यात सगळ्यांना जागा आहे का?

'डायव्हर्सिटी' आणि 'इन्क्लुजन' हे दोन शब्द लिंक्डइनवर रोज दिसतात. कामाच्या ठिकाणी वेगवेगळ्या भाषेची, जातीची, वयाची, शरीराची माणसं असणं हा झाला पहिला शब्द. त्या प्रत्येकाला काम नीट करता येईल अशी सोय असणं हा दुसरा. हे समजावताना नेहमी आयटी पार्कचीच उदाहरणं देतात. मी मात्र आज चंद्रपूर-गडचिरोलीचं उदाहरण घेणार आहे.

आधी कोळशाचं बघू. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना भूमिगत खाणीत कामाला मनाई होती. उघड्या खाणीवर त्या काम करू शकत, पण फक्त सकाळी ६ ते संध्याकाळी ७. केंद्र सरकारने २०१९ च्या सुरुवातीला यात सूट दिली. त्यानुसार लेखी संमती असेल तर उघड्या खाणीत रात्रपाळी करता येऊ लागली. भूमिगत खाणीतही तांत्रिक, देखरेखीची आणि व्यवस्थापनाची कामं दिवसा करता येऊ लागली. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात हा मोठाच बदल आहे. इथला अडथळा कायद्यात लिहिलेला होता, म्हणून तो दिसला आणि काढता आला.

पण कामाची जागाच मोबाइलमध्ये असेल तर? तिथला अडथळा कुठल्याच कायद्यात लिहिलेला नसतो. तो स्क्रीनवर असतो.

अंगणवाडी सेविकेचंच बघा. पूर्वी तिची नोंद रजिस्टरमध्ये व्हायची. मार्च २०२१ पासून ती 'पोषण ट्रॅकर' ॲपमध्ये होते: मुलांचं वजन-उंची, हजेरी, घरपोच आहाराचं वाटप, सगळं. म्हणजे ॲप चाललं तर काम झालं, नाही चाललं तर दिवसभर राबूनही काम 'दिसत' नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रात सेविकांनी सरकारी फोन परत करायचं आंदोलन केलं होतं. २ जीबी रॅमचे जुने फोन हँग होतात, तापतात, दुरुस्तीचा खर्च आमच्यावर पडतो, आणि ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. काहींना वाटलं, बायकांना टेक्नॉलॉजी नको आहे. मला ते पटत नाही. मराठीत सगळं व्यवस्थित लिहिणाऱ्या बाईच्या हातात इंग्रजी स्क्रीन दिली, तर कमी कोण पडलं?

ॲपची भाषा बदलणं तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नसतं. ॲपमध्ये दिसणारा मजकूर कोडपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात, दर भाषेची एक फाइल. फोनची भाषा मराठी असेल तर ॲप मराठीची फाइल शोधतं. ती नसेल तर मूळ फाइल उघडतं, आणि ती बहुतेक वेळा इंग्रजी असते. पोषण ट्रॅकर नंतर मराठीसह बऱ्याच भाषांत आलं, म्हणजे फाइल बनवता येत होतीच.

आता गडचिरोलीत या. इथे भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोरा-कोरचीकडे गोंडी आणि छत्तीसगढी, सिरोंचात तेलुगू, चामोर्शी-मुलचेराच्या काही गावांत बंगाली. तेलुगू आणि बंगाली घटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत, गोंडी नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख असूनही सरकारी ॲपच्या यादीत तिचा नंबर सहसा लागत नाही. मग स्क्रीनवरचं मराठी वाचून समोरच्या आईला माडियात समजावायचं काम सेविकेच्या अंगावर येतं. त्याची नोंद करायला ॲपमध्ये रकाना नाही.

थोडी हालचाल मात्र सुरू आहे. गोंडीच्या मसराम लिपीला २०१७ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, गुंजाला लिपीला २०१८ मध्ये. युनिकोडमध्ये अक्षराला क्रमांक मिळाला की तो कुठल्याही फोनवर तेच अक्षर दाखवू शकतो, फक्त फॉन्ट हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' नावाचं भाषांतराचं ॲप बीटामध्ये आणलं. त्यात संथाली, भिली, मुंडारीसोबत गोंडी आहे. पण तिथली गोंडी छत्तीसगढकडची आहे. भामरागडच्या माडियासाठी ती कितपत पुरेल, हे तिथल्या लोकांनीच वापरून सांगायला हवं.

दुसरा अडथळा चेहऱ्याचा. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थी आईचा चेहरा ॲपमध्ये जुळवणं सक्तीचं झालं. फोन फोटोतल्या चेहऱ्याचे आकडे बनवतो आणि ते आधी साठवलेल्या आकड्यांशी ताडून बघतो. दोन्ही पुरेसे जवळ असतील तर होकार, नाहीतर नकार. अंधारी खोली किंवा हलका कॅमेरा असेल तर आकडे बिघडतात. त्याआधी आधारची पडताळणी लागते, तिला नेटवर्क हवं आणि ओटीपी हवा. ओटीपीचा फोन नवऱ्याकडे, आणि तो मिरची तोडायला तेलंगणात गेलेला! आधारवर आत्राम हे आडनाव इंग्रजीत एका 'ए'ने लिहिलंय की दोन, यावरूनही गाडी अडते.

चेहऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भेदभाव असू शकतो हे जुनंच आहे. 'जेंडर शेड्स' या २०१८ च्या संशोधनात, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणारी काही कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली होती. गडद वर्णाच्या बायकांच्या बाबतीत चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. उजळ पुरुषांमध्ये ती जास्तीत जास्त ०.८ टक्के होती. ते काम चेहरा जुळवण्यापेक्षा वेगळं आहे, हे लक्षात ठेवा. पण ज्यांचे फोटो शिकवताना कमी वापरले त्यांच्याबाबत मशीन जास्त चुकतं, हा मुद्दा दोन्हीकडे लागू पडतो.

तुमची आई, काकू किंवा शेजारची ताई असं ॲप वापरत असेल तर एवढं करून द्या. फोन अँड्रॉइड १३ किंवा पुढचा असेल तर सेटिंग्जमधल्या भाषेच्या भागात 'ॲपच्या भाषा' शोधा. तिथे एकेका ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. ॲप त्या यादीत नसेल तर ॲपच्या आतल्या सेटिंगमध्ये भाषा बघा. दिसायला त्रास असेल तर अक्षराचा आकार वाढवा. 'टॉकबॅक' सुरू केलं तर फोन स्क्रीन वाचून दाखवतो. फोन अडकतोय म्हणून 'डेटा क्लिअर' करू नका किंवा ॲप काढून टाकू नका. नेटवर्क नसताना भरलेली माहिती पुढे गेलेली नसेल तर ती कायमची जाते. 'कॅशे क्लिअर' चालतं.

आणि ओटीपी फक्त समोर बसलेल्या ओळखीच्या सेविकेला सांगायचा. 'पोषणचे पैसे जमा करायचे आहेत' म्हणून फोनवर मागणाऱ्याला अजिबात नाही. असा फोन आला आणि पैसे गेले तर लगेच १९३० वर कळवा.