अल्कली इंधनघटाचे पटल का झिजते?

हायड्रोजनने भरलेल्या परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की 'फट्' असा आवाज होतो आणि पाणी तयार होते, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिलेच असेल. हीच ऊर्जा स्फोट न होऊ देता विजेच्या रूपाने मिळवण्याचे साधन म्हणजे इंधनघट. इंग्रज अभियंता फ्रान्सिस टॉमस बेकन याने १९५९ साली ५ किलोवॅटचा असा घट चालवून दाखवला. त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा द्राव होता. पुढे अपोलो यानांना वीज आणि अंतराळवीरांना पिण्याचे पाणी याच जातीच्या घटांनी पुरवले.

पण जमिनीवर एक अडचण आली. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड चुन्याची निवळी दुधाळ करतो ना? तसाच तो या द्रावाशीही संयोग पावतो आणि पोटॅशियम कार्बोनेटचे स्फटिक अग्रांच्या छिद्रांत साचतात. म्हणून शास्त्रज्ञांनी द्रावाऐवजी बहुवारिकाचे पातळ पटल वापरायचे ठरवले. त्याच्या लांब साखळीला धनभारित अमोनियम गट जोडलेले असतात. त्यांच्या आधाराने ऋणभारित हायड्रॉक्साइड आयन ऑक्सिजनच्या अग्राकडून हायड्रोजनच्या अग्राकडे सरकतात. पोटॅशियमच नसल्याने ते स्फटिकही होत नाहीत. शिवाय अल्कली माध्यमात महागड्या प्लॅटिनमऐवजी निकेल, चांदी यांसारख्या धातूंनाही वाव मिळतो.

मग अडले कोठे? ज्या आयनाला वाहून न्यायचे, तोच पटलाचा शत्रू! धनभारित नायट्रोजन शेजारच्या कार्बनकडील इलेक्ट्रॉन ओढून घेतो. त्या उघड्या पडलेल्या कार्बनवर हायड्रॉक्साइड हल्ला करतो, बंध तुटतो आणि ट्रायमिथिल अमाईन सुटते. नासलेल्या मासळीचा वास येतो तो याच पदार्थाचा. काही पटलांत हायड्रॉक्साइड पुढच्या कार्बनवरील हायड्रोजन हिसकावतो आणि तेथे दुहेरी बंध तयार होतो. दोन्ही मार्गांनी धनभारित गट गळून पडतो व पटलाची वाहकता घटते.

येथे पाण्याचे महत्त्व लक्षात घ्या. भोवती पाण्याचे रेणू असले की हायड्रॉक्साइड आयन सौम्य असतो. ते कमी झाले की तो उग्र होतो. ऑक्सिजनच्या अग्रावर तर पाणी खर्चच होते. त्यामुळे ती बाजू कोरडी पडते आणि पटल तेथे लवकर झिजते.

पटलाची कसोटी घेण्यासाठी ते सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या अल्कली द्रावात कित्येक आठवडे बुडवून ठेवतात व किती गट शाबूत राहिले ते मोजतात. नायट्रोजन सहा अणूंच्या कड्यात गुंफला आणि साखळीतून सहज तुटणारे ईथर बंध वगळले, तर पटल पुष्कळ अधिक टिकते असे आढळले आहे.

तुमच्या शाळेत पाणी आयनविरहित करण्याचे यंत्र आहे का? त्यातील ऋण आयन टिपणाऱ्या रेझिनमध्येही बहुधा हाच अमोनियम गट असतो. त्या यंत्रात कढत पाणी का सोडू नये, हे आता तुम्हीच तुमच्या मित्रांना समजावून सांगा.